गेमिंग पीसी घ्या, पण आधी गिऱ्हाईक कोण ते सांगा



पोरगा गेमिंग पीसी मागायला लागला की घरात दोनच पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, गेम खेळतोय म्हणजे वाया गेला. दुसरी म्हणते, अहो आता गेमिंगमध्ये करोडो रुपये आहेत, घेऊन टाका. मला दोन्ही पार्ट्या पटत नाहीत. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. आभासी जगात धंदा आहे, पैसाही खरा आहे. पण तो खेळणाऱ्याला फारसा मिळत नाही, खेळणाऱ्यांना काहीतरी विकतो त्याला मिळतो. आणि दुसरं, तिथली जागा कधीच तुमची नसते. तुम्ही कायम भाडेकरू असता.

हे मी हवेत बोलत नाही. माझं दुकान खडकवासल्यात आहे. झेरॉक्स, प्रिंट, स्टेशनरी, ऑनलाईन फॉर्म, आणि शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्या पब्लिकसाठी चार्जर आणि केबल. माझ्या गिऱ्हाइकांमध्ये किरकटवाडीचा एक मुलगा आहे. वय बावीस, डिप्लोमा झालेला. नाव देत नाही, कारण त्याचे वडील हे सगळं वाचतात. (हसू नका, खरंच वाचतात.) त्याला आपण आमचा गेमर म्हणू.

या गेमरने २०२५ च्या दिवाळीआधी नवीन पीसी घेतला. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नव्हतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होता, हे त्याचं घरच्यांना पटवायचं कारण. खरं कारण गेम. पण वेळ बरोबर लागली, कारण त्यानंतर रॅमचे भाव असे वाढले की विचारू नका. एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला कंपन्यांनी मागच्या बाकावर बसवलं. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रूशल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करायची घोषणा केली. कच्च्या मालाचे भाव आपल्या हातात नसतात, हे वडापाववाल्याला तेलाने शिकवलं, याला रॅमने.

कोटेशन त्याने तपकीर गल्लीपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत चार ठिकाणांहून घेतलं. हे त्याचं मला फार आवडलं. चारही कोटेशनं एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून आणली होती, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पॉवर सप्लाय, मॉनिटर, प्रत्येकाची वॉरंटी किती आणि ती कुठे जाऊन करायची तेसुद्धा. आमच्या वर्कशॉपला येणारे निम्मे लोक पाच लाखांचं मशीन एका कोटेशनवर घेतात.

बेरीज आली ७६,५०० रुपये. त्यात यूपीएस नव्हता. तो घेतला पहिल्या आठवड्यात, रात्री लाईट गेली आणि पीसी धाडकन बंद पडला तेव्हा. आणखी ५,५०० गेले. म्हणजे झाले ८२,०००. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अजून एक गंमत सांगतो. सगळं जोडून झालं, गेम सुरू केला, तर चित्र अडकत-अडकत चालायला लागलं. दोन दिवस साहेब डोक्याला हात लावून. मग कळलं की मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावायच्या ऐवजी मदरबोर्डच्या भोकात लावली होती. अठ्ठावीस हजारांचं कार्ड आत नुसतं बसून होतं. तुम्ही हसाल, पण बिलिंग सॉफ्टवेअर घेऊन वहीतच उधारी लिहिणारे दुकानदार मी रोज बघतो. केबल तिथेही चुकीच्याच भोकात आहे.

आता तो खेळतो काय ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जीटीए फाइव्ह हा गेम २०१३ मध्ये आला, पीसीवर २०१५ मध्ये. त्यातल्या शहरावर लोकांनी स्वतःचे सर्व्हर उभे केले. त्याला रोल-प्ले म्हणतात. तिथे मारामारी करत सुटायचं नाही. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं. कोणी पोलीस, कोणी डॉक्टर, कोणी टॅक्सीवाला. माईकवर एकमेकांशी बोलायचं, नियम मोडला तर बाहेर. आपल्याकडे हिंदीत बोलणारे असे बरेच सर्व्हर आहेत आणि त्यात आपली मराठी पोरंही भरपूर आहेत.

आमचा गेमर तिथे गॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणून लागला. दोन महिन्यांत त्या गॅरेजचा मॅनेजर झाला. हाताखाली सहा मुलं. कोण किती वाजता येणार याचा तक्ता, गाडी लवकर द्या म्हणून भांडणारं गिऱ्हाईक, शेजारच्या गॅरेजने भाव पाडले की काय करायचं, कामावर न सांगता दांडी मारणारा पोरगा. हे सगळं तो रोज रात्री करतो. एकदा दुकानात उभा राहून त्याने मला सांगितलं की भाव पाडण्याऐवजी त्यांनी गाडी धुऊन द्यायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक परत आलं. मी बीबीए केलंय, तीन वर्षं मार्केटिंग शिकलोय. हे एवढ्या सोप्या भाषेत मला कोणी शिकवलं नव्हतं.

म्हणून पहिल्या पार्टीला माझं सांगणं आहे, वाया गेला म्हणायच्या आधी तो तिथे काय करतो ते एकदा शेजारी बसून बघा. नुसत्या गोळ्या झाडतोय की माणसं सांभाळतोय? फरक आहे.

पण थांबा. लगेच दुसऱ्या पार्टीत जाऊ नका. त्या गॅरेजचा पगार खोट्या नोटांत मिळतो. त्यावर खडकवासल्यात चहासुद्धा येत नाही. हॉटेलात चांगलं जेवता येतं म्हणून हॉटेल चालवता येत नाही, तसंच हे.

पैसा सुरू झाला तो वेगळ्याच जागेवरून. सर्व्हर चालवणाऱ्यांना सतत काही ना काही लागतं. गॅरेजच्या मुलांचे युनिफॉर्म, पोलिसांच्या गाडीचं रंगकाम, शहरात एखादं नवीन हॉटेल, सर्व्हर सुरू होताना दिसणारी पाटी. हे सगळं कोणीतरी कॉम्प्युटरवर बनवावं लागतं. आमच्या गेमरने ब्लेंडर शिकायला घेतलं. हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चोरीचं नाही, खरंच फुकट आहे. पहिलं काम १५ डॉलरचं मिळालं, एका परदेशी सर्व्हरच्या टॅक्सीचं रंगकाम. आज चांगल्या महिन्यात नऊ-दहा हजार येतात. एका महिन्यात अठराशेही आले. दोन्ही आकडे सांगतो, कारण यूट्यूबवर लोक फक्त पहिला सांगतात.

आता हिशोब. ८२,००० चा पीसी तीन वर्षं चालला आणि शेवटी २५,००० ला गेला असं धरा. म्हणजे झिजले ५७,०००. छत्तीस महिन्यांनी भागा, महिन्याला साधारण १,५८३. लाईट बिल, रोज सहा तास, ४०० वॅट, म्हणजे दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर ७२०. इंटरनेट ८००. बेरीज ३,१०३. म्हणजे महिन्याला एकतीसशे रुपये कमावले की मशीन स्वतःचा खर्च काढतं. तुमची मजुरी त्याच्यानंतर सुरू होते. अठराशेवाल्या महिन्यात आमच्या गेमरने फुकट काम केलं आणि वर तेराशे रुपये दिले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक धंदे इथेच बुडतात. हा झाला नफ्या-तोट्याचा हिशोब. रोकडीचा वेगळा. तोच पीसी बिनव्याजी बारा हप्त्यांवर घेतला तर महिन्याला ६,८३३ जाणार, वर लाईट आणि नेट १,५२०. म्हणजे पहिलं वर्षभर दर महिन्याला ८,३५३ रुपये खिशातून बाहेर. कागदावर तुम्ही नफ्यात असाल आणि तरी दहा तारखेला बापाकडे हात पसराल. हप्ता तुम्हाला पहिल्या महिन्यापासून लागतो, गिऱ्हाईक चौथ्या-पाचव्या महिन्यात मिळतं. ही मधली दरी कोण भरणार, हे घेण्याआधी ठरवा. आमच्या गेमरच्या घरी वडिलांनी भरली, आणि वडिलांनी ती भरली हे त्यांनी मला तीनदा सांगितलंय.

धंद्यासाठीच वापरत असाल तर कॉम्प्युटरवर आयकरात वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो. ८२,००० वर पहिल्या वर्षी ३२,८००, उरलेल्या ४९,२०० वर दुसऱ्या वर्षी १९,६८०. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर पहिल्या वर्षी निम्माच. पण बिल तुमच्या नावावर पाहिजे. कच्च्या चिठ्ठीवर हजार रुपये वाचवणाऱ्यांनो, घसारा तर जातोच, वॉरंटी पण जाते.

आता जमिनीकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपल्या भागातल्या लोकांना प्लॉटिंग शिकवायला नको. सिंहगड रोड, पानशेत रोड, प्रत्येक वळणावर पाटी आहे. एक मोठा तुकडा घ्यायचा, रस्ता काढायचा, गुंठ्या-गुंठ्याने विकायचा. हाच धंदा कॉम्प्युटरच्या आत एका बाईने वीस वर्षांपूर्वी केला. लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीचं सेकंड लाईफ नावाचं आभासी जग २००३ मध्ये सुरू झालं. तिथे माणसं घरं बांधत, कपडे विकत, लिंडन डॉलर नावाच्या चलनात व्यवहार करत, आणि ते चलन खऱ्या डॉलरमध्ये बदलता येत होतं. आयलिन ग्रेफ ही जर्मनीत राहणारी, मूळची चिनी बाई तिथे आन्शी चंग या नावाने वावरायची. तिने तिथली जमीन मोठ्या प्रमाणात घेतली, तुकडे पाडले, सजवली आणि विकली, भाड्याने दिली. मे २००६ मध्ये बिझनेसवीक मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचं आभासी रूप झळकलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपली तिथली मालमत्ता दहा लाख डॉलरच्या वर गेल्याचं तिने जाहीर केलं.

लोकांना एवढीच गोष्ट सांगितली जाते. पुढची सांगत नाहीत. त्याच नोव्हेंबरमध्ये लिंडन लॅबने नवीन बेटाचं महिन्याचं भाडं १९५ डॉलरवरून २९५ केलं. मोर्चा नाही, सुनावणी नाही. जागेचा मालक एकच, भाव त्याचा. जुलै २००७ मध्ये तिथला जुगार बंद केला. जुगारावर चालणारी दुकानं रातोरात गेली. तिथे एक बँकही होती, गिंको फायनान्शियल नावाची, भरमसाट व्याज देणारी. ऑगस्ट २००७ मध्ये ती बुडाली आणि लोकांचे पैसे गेले. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने, खरा सरकारी परवाना नसेल तर व्याज देणाऱ्या बँकाच नकोत, असा नियम केला. भिशीवाला पळून गेल्यावर कुलूप लावायची पद्धत फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

मग २०२१ मध्ये फेसबुकने नाव बदलून मेटा केलं आणि पुन्हा तीच लाट आली. डीसेंट्रालँडमध्ये एक तुकडा तेवीस-चोवीस लाख डॉलरला गेला. आपल्याकडे २०२२ मध्ये दलेर मेहंदींनी पार्टीनाईट नावाच्या भारतीय मेटाव्हर्समध्ये जमीन घेतली, नाव ठेवलं बल्ले बल्ले लँड. त्या काळात माझ्याकडेही दोघं जण विचारायला आले होते, सर, मेटाव्हर्समध्ये गुंठा घेऊ का? मी म्हटलं, सातबारा कुठला तलाठी देणार ते विचारून या.

मला त्यातल्या तंत्रज्ञानाची चेष्टा करायची नाही. मुद्दा मालकीचा आहे. गेममध्ये घेतलेली गाडी, कपडे, घर, हे तुम्हाला वापरायला दिलेलं असतं. स्टीमवर गेम विकत घेताना हल्ली तसं स्पष्ट लिहून येतं की तुम्हाला मिळतो तो परवाना. जीटीएचे रोल-प्ले सर्व्हर ज्या फाइव्ह-एम सॉफ्टवेअरवर चालतात, ती टीम ऑगस्ट २०२३ मध्ये गेमची मूळ कंपनी रॉकस्टारने आपल्याकडे घेतली. म्हणजे आमचा गेमर ज्या गल्लीत टपरी टाकून बसलाय, ती अख्खी गल्ली एका मालकाची आहे. उद्या नियम बदलले तर त्याला विचारून बदलणार नाहीत.

आणि वर सरकार आहेच. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईल. त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा बंद झाला, मे २०२३ मध्ये परत आला. जवळपास दहा महिने गेम गायब. ज्यांचा धंदा फक्त त्या एका गेमच्या टूर्नामेंटवर होता त्यांनी दहा महिने काय खाल्लं असेल?

टूर्नामेंटवरून आठवलं. पन्नास रुपये एंट्री, जिंकणाऱ्याला पाचशे, उरलेले आयोजकाला, असा धंदा सुचलेले मला महिन्याला तीन तरी भेटतात. त्यांना हात जोडून सांगतो, आधी ऑनलाईन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा २०२५ वाचा. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाईन खेळ त्यात बंद आहेत, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्यात वेगळी मान्यता आहे, पण तुमचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणजे ई-स्पोर्ट्स नाही. छोटे चॅनेल चालवणाऱ्यांनो, तुम्हाला जाहिरातीचे मेसेज येतील, एका व्हिडिओचे पाच हजार. जाहिरात कसली आहे ते बघूनच हो म्हणा.

गेमिंग कॅफेबद्दल फार लिहीत नाही. दहा पीसी म्हणजे आठ लाख, वर गाळ्याचं डिपॉझिट, एसी, एक मुलगा. रोज पाच तास दहाही मशीन भरली, तासाला पन्नास रुपये मिळाले, महिन्यात सव्वीस दिवस धरले, तरी गल्ला ६५,०००. आमच्याकडे रविवारी हजारो लोक येतात, पण ते कणीस आणि कांदाभजी खायला येतात. मी हा धंदा खडकवासल्यात करणार नाही. कॉलेजच्या दारात असाल तर आकडे वेगळे निघतील, तुम्ही तुमचे काढा.

याच्यापेक्षा मला पुण्यातलंच एक उदाहरण मोठं वाटतं. नॉडिंग हेड्स गेम्स ही पुण्याची छोटी टीम. त्यांनी राजी नावाचा गेम करायला घेतला, प्राचीन भारतात भावाला शोधायला निघालेल्या एका मुलीची गोष्ट. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. टीम थांबली नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आधी निंटेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी आणि बाकीच्या कन्सोलवर. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी जगातल्या पाच नावांत राजीचं नाव होतं. पैसे उभे करण्यात अपयश आणि बाजारात माल, यामध्ये तीन वर्षं गेली. तुमच्या मुलाला एवढा वेळ द्यायची घरची तयारी आहे का? आणि मुलाची तेवढं बसायची? ही दोन वेगळी उत्तरं आहेत, दोन्ही पाहिजेत.

आमच्या गेमरला मी जे करायला लावलंय ते सांगतो, तुम्हालाही लागेल. त्याची सगळी गिऱ्हाइकं एकाच सर्व्हरच्या ओळखीतून येत होती. आता प्रत्येकाचा ईमेल वहीत आहे, त्याने बनवलेल्या मूळ फाईल स्वतःच्या वेगळ्या डिस्कवर आहेत, आणि तेच थ्रीडी काम तो बाहेरही दाखवतो. धायरीच्या एका फर्निचरवाल्याला त्याने कपाटाचं चित्र बनवून दिलं, पंधराशे रुपये मिळाले. गेमच्या कामापेक्षा सोपं होतं म्हणाला. खऱ्या कंपनीचा लोगो लावून गाडी विकायची नाही, हे मी त्याला बजावलंय. ट्रेडमार्कची नोटीस आली तर दहा हजाराच्या धंद्यात वकील परवडत नाही. बँकेत खातं वेगळं. उद्यम नोंदणी सरकारी साईटवर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका (माझ्या दुकानात फॉर्म भरायला आलात तर मी भरायची मजुरी घेतो, नोंदणीची फी नाही). सेवा देणाऱ्याला वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तरी परदेशातून पैसे येत असतील तर सीएला एकदा पाचशे रुपये देऊन विचारून घ्या.

परवा तो दुसरा मॉनिटर घेऊ का म्हणून विचारत होता. मी त्याला गेल्या तीन महिन्यांची बिलं घेऊन यायला सांगितलंय. दोन मॉनिटरमुळे कुठलं काम लवकर झालं असतं, त्या प्रत्येक बिलावर खूण करून. अजून आला नाही. आला की ती बिलं, नाव झाकून, पुढच्या व्हिडिओत दाखवतो. परदेशी गिऱ्हाइकाला बिल कसं बनवायचं त्याचा नमुनाही त्यातच देईन.